बाप आयआयटीला लागला

कोरेगाव सांगितलं की पहिली पाच मिनिटं ते कुठलं नाही हे समजावण्यात जातात. पुणेकराच्या डोळ्यांपुढं कोरेगाव पार्क येतं आणि तो माझ्या चपलांकडं बघून गोंधळतो. बाकीच्यांना भीमा-कोरेगाव आठवतं. मग मी सांगतो, आमचं साताऱ्याचं. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर येतं ते. वाघ्या घेवड्याचं. घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, गावाला अजून मिळायचंय.

मी सध्या जी पदवी करतोय तिचंही असंच आहे. ती बी.ई. नाही. बी.टेक. नाही. पत्रानं घरी येणारी नाही. डोनेशन भरून घेतलेली नाही. एवढं सगळं नाही नाही म्हणून झालं की समोरचा कंटाळून विचारतो, "मग हाय तरी काय?" आणि मी खाली बघत सांगतो, "आयआयटी मद्रासची बी.एस. डेटा सायन्समधली. ऑनलाइन." यातलं 'आयआयटी' ऐकून त्याच्या भुवया वर जातात आणि 'ऑनलाइन' ऐकून जागेवर परत येतात. मधल्या अर्ध्या सेकंदात मला जो मान मिळतो, तेवढ्यावर मी चार वर्षं काढणार आहे.

माझं वय चव्वेचाळीस. स्टँडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण डिप्लोमा इलेक्ट्रिकल, पण गावात मला सगळे मिस्त्री म्हणतात. डिप्लोमाची फ्रेम दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळामागं टांगलीय, तिच्यावर वार्निशचे इतके शिंतोडे बसलेत की आता फक्त राजमुद्रा वाचता येते. त्या काळी दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला घुसायचं, असा सरळ रस्ता होता. अजूनही आहे. मी घुसणार त्याच वर्षी थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. लग्न झालं, कर्ज झालं, दुकान झालं. डायरेक्ट सेकंड इयरला जायचं राहिलं आणि डायरेक्ट दुसऱ्या मुलाच्या बारशापर्यंत गेलो.

आमचा एक आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याचा मुलगा कम्युनिटी कॉलेजला जातो. तिथं म्हणे ती चांगली सोय आहे. दोन वर्षं घराजवळ, कमी पैशांत शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला बदली घ्यायची. म्हणजे आमचा डिप्लोमाच, फक्त पार्किंग मोठं. पण फोनवर हे सांगताना आतेभावाचा आवाज असा खाली येतो, जणू मुलाला कावीळ झालीय. आत्या तर गावात सांगते, "कॉलेजला हाय." कुठल्या, ते सांगत नाही. साता समुद्रापलीकडं गेलं तरी मराठी माणसाला मधल्या स्टँडवर उतरून गाडी बदलणं कमीपणाचंच वाटतं. विनाथांबाच पाहिजे.

पदवीची हौस आमच्या घराण्यात जुनीच. थोरले चुलते, नाना, एएमआयई करत होते. आजच्या पोरांना हे माहीत नसेल. 1920 साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स नावाची संस्था कोलकात्यात आहे. नोकरी करता करता घरी अभ्यास करायचा, तिच्या परीक्षा द्यायच्या आणि इंजिनिअर व्हायचं. कॉलेजची पायरी चढायची गरज नाही. परीक्षेचे दोन भाग, सेक्शन ए आणि सेक्शन बी. पोस्टानं पुस्तकं यायची, नाना रात्री कंदील लावून बसायचे. सेक्शन ए पास झाले. सेक्शन बी मात्र त्यांना निवृत्तीपर्यंत हुलकावण्या देत राहिला. दारावरच्या पाटीवर 'ए.एम.आय.ई. (सेक्शन ए)' असं होतं आणि कंस इतका नाजूक काढलेला की लांबून तो वेलबुट्टीच वाटायचा. मी नाव घातलं हे कळल्यावर नानांनी मला बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्यात सेक्शन किती हायत?"

मी म्हणालो, "चार थांबे आहेत, नाना." आणि हे खरं आहे. पहिला फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग बी.एस्सी., मग बी.एस. प्रत्येक थांब्यावर उतरता येतं आणि उतरताना हातात कागद देतात. शेवटपर्यंत बसलात तर एकशे बेचाळीस क्रेडिट होतात. नानांनी समाधानानं मान हलवली. उतरायची सोय आहे म्हटल्यावर त्यांना हा अभ्यासक्रम माणुसकीचा वाटला.

बायकोला मात्र दुसऱ्या थांब्याचं नाव ऐकून शंका आली. "म्हणजे फाउंडेशन झाल्यावर काय मिळणार?"

"डिप्लोमा."

"तो आहे की तुमच्याकडं. रिळामागं."

"हा वेगळा."

"म्हणजे चोवीस वर्षांनी फिरून तिथंच येणार, आणि वर पैसे भरून."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता कुणी म्हणेल, इलेक्ट्रिकलचा माणूस, घरबसल्या सरळ इंजिनिअरिंगच का नाही केलं? करता येत नाही म्हणून. काही अभिमत विद्यापीठांनी मध्यंतरी परवानगी नसताना पत्रानं इंजिनिअर काढायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये तो कारभार मोडून काढला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि नंतरच्यांच्या पदव्या सरळ रद्द केल्या. विचार करा, माणसाचं लग्न झालंय, पदवी लग्नपत्रिकेत छापून झालीय, पोरं शाळेत जातायत, आणि बापाला परत पेपर! पण माझं मत विचाराल तर न्यायालयाचं बरोबरच होतं. मोटर भरणं पत्रानं शिकता येत नाही. पत्रातून शॉक बसत नाही, आणि शॉक बसल्याशिवाय आमच्या धंद्यातलं काहीही डोक्यात बसत नाही.

म्हणून जे पडद्यावर खरोखर शिकवता येतं, गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, तेवढ्याचीच पदवी आयआयटी मद्रासनं 2020 साली काढली. हिला जेईई लागत नाही. वयाची अट नाही. बारावी किंवा दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. चार आठवडे चार विषय शिकवतात, त्यांची परीक्षा घेतात, पास झालात तर आत. फी घ्याल तेवढ्याच विषयांची. मी वाचलं, परत वाचलं, आणि कुणाला न सांगता नाव घालून टाकलं.

कुणाला न सांगता, कारण घरात दुसरा विद्यार्थी होता. थोरला बारावीला, साताऱ्याला जेईईचा क्लास लावलेला. पहाटे साडेपाचला उठायचा, डबा घेऊन एसटीनं जायचा, रात्री यायचा तो काळवंडून. गेली दोन वर्षं आमच्या घरात टीव्ही मुका होता आणि फोडणी आवाज न करता घालायची होती. भिंतीवर त्यानंच चिकटवलेला कागद होता, त्यावर तीनच अक्षरं: आयआयटी.

आणि त्या चार आठवड्यांनंतर आयआयटीला लागलो मी.

आमच्याकडं 'लागण' म्हटलं की आधी ऊस आठवतो, मग ताप. आडसाली लागण, सुरू लागण. तिसरी लागण शिक्षणाची. पोरगं कुठं 'लागलं' हे गावाला उसाच्या पहिल्या उचलीइतकंच महत्त्वाचं. त्यामुळं बातमी फुटली तेव्हा तिचा जो खिमा झाला, तो असा: स्टँडवर "मिस्त्रीचं पोरगं आयआयटीला लागलं." पेठेत "मिस्त्रीचं पोरगं मद्रासला चाललं." दूध डेअरीवर "मिस्त्री पोरग्याला घेऊन मद्रासला चालला, दुकान विकायचंय." दोन दिवसांत दुकान बघायला गिऱ्हाईक आलं. भाव बरा होता, तेही सांगून ठेवतो.

खरी बातमी कळल्यावर भावकीचं जे झालं ते मला शब्दांत मांडता येणार नाही. चुलतभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, तो त्यानं अर्धा उघडलेला परत बांधला. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "बाप लागला, आता पोरगं बी लागंल हळूहळू." पोरगं शेजारीच बसलं होतं. ते काही बोललं नाही. रात्री मात्र मला म्हणालं, "पप्पा, ज्यांना जेईई ॲडव्हान्स्डला बसायची पात्रता मिळते, त्यांना तुमच्या कोर्सला ती चार आठवड्यांची परीक्षा द्यावी लागत नाही. डायरेक्ट घेतात." थोडं थांबून म्हणालं, "म्हणजे मी तुमच्या वर्गात येऊ शकतो." बापाला इतकी भीती कुठल्याच पोरानं घातली नसेल.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात घरात गैरसमज झाला. कॉम्प्युटेशनल थिंकिंग म्हणून विषय आहे. त्यात दोन प्राध्यापक टेबलाशी बसतात, समोर कार्डांचा गठ्ठा. एकेक कार्ड उचलायचं, बघायचं, मनाशी मोजायचं, दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवायचं. किराणा मालाची बिलं असतात, पोरांच्या गुणपत्रिका असतात. त्यांतून सगळ्यात मोठं बिल कसं शोधायचं, एखादी गोष्ट दोनदा कशी मोजायची नाही, हे शिकवतात. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कॉम्प्युटरसारखा विचार करायला शिकवायची ही पद्धत मला फार आवडली. आई चष्मा लावून मागं उभी राहिली, पाच मिनिटं बघितलं आणि माजघरात जाऊन सांगितलं, "ह्यो पत्ते बघतोय. निदान खेळत न्हाई, तेवढंच बरं."

मग संख्याशास्त्र. त्यात 'नल हायपोथिसिस' आला. आमचं घर नळाच्या वेळापत्रकावर चालतं. मी मोठ्यानं व्हिडिओ लावला होता, बायकोनं 'नल' ऐकलं आणि हंडे घेऊन पळाली. नल हायपोथिसिस म्हणजे काहीही फरक पडलेला नाही असं आधी गृहीत धरायचं आणि पुरावा सापडल्याशिवाय ते सोडायचं नाही. हे मी तिला समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग तुमच्या शिक्षणाबद्दल मी तेच धरलंय."

पण खरी मजा वहीत होती. दुकानात 2004 पासूनची माझी वही आहे. तारीख, गिऱ्हाईक, किती एचपी, पाणबुडी का मोनोब्लॉक, काय जळलं, किती तार लागली, पैसे आले का उधार. इतकी वर्षं मी ती फक्त उधारीसाठी उघडत होतो. आता कळलं की याला डेटा म्हणतात आणि लोक असला डेटा मिळावा म्हणून तडफडतात. आठ रात्री बसून सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, महिन्यावार खांब उभे केले, रंग भरले आणि छापून दुकानात लावलं. पहिलंच गिऱ्हाईक एकंब्याच्या बाजूचं, वयस्कर, जळकी पाच एचपी खांद्यावरनं उतरवून घाम पुसत उभं. बराच वेळ त्यानं चित्र बघितलं.

"हे काय म्हणतंया?"

"एप्रिल-मेला सगळ्यात जास्त मोटरी जळतात."

"हे कळाय तुला आयआयटी लागली?"

मी गप्प. तो पुढं म्हणाला, "आरं, उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मोटर कोरडी फिरती, जळती. माझ्या म्हशीला बी ठावं हाय."

मान खाली घालून मी त्याची मोटर उघडली. आतली कॉइल बघितली तर तीनपैकी दोनच फेज काळ्या, तिसरी नव्यासारखी. कोरडी नव्हती फिरली. एक फेज तुटली होती आणि मोटर दोन फेजवर कुथत राहिली होती. हे काळं-पांढरं चित्र मी वीस वर्षं बघतोय, पण वहीत 'जळाली' एवढंच लिहीत आलो. आता वेगळा रकाना काढलाय: कोरडी जळाली, का फेज जाऊन जळाली. वळवाचे पहिले दोन पाऊस झाले की दुसऱ्या रकान्यात कशी गर्दी होते, ते त्या म्हाताऱ्याच्या म्हशीला ठावं नाही. मी तिला सांगणार आहे.

हल्ली आंतरशाखीय शिक्षण म्हणून फार बोलबाला आहे. एका विषयाच्या खुंटीला बांधून घेऊ नका म्हणतात. हसू येतं. कोरेगाव तालुक्यात मोटर का बंद पडली हे शोधायला किती शाखा लागतात, हे एकदा येऊन बघा. वायर तुटली असेल तर इलेक्ट्रिकल. फूटव्हॉल्वला गाळ धरला असेल तर मेकॅनिकल. विहिरीचं पाणी हटलं असेल तर भूगर्भशास्त्र. स्टार्टरमध्ये पाल शिरून चिकटली असेल तर प्राणिशास्त्र. डीपीवर कागदोपत्री तीन एचपीची मोटर नोंदवून प्रत्यक्षात साडेसात लावलेली असेल तर अर्थशास्त्र. आणि चुलतभावानं रात्री फ्यूज काढून नेला असेल तर कायदा, इतिहास आणि थोडं महाभारत. हे सगळं एका मिस्त्रीनं एका फेरीत, उधारीवर ओळखायचं असतं.

आणि हे आजचं नाही. आमच्याच रेल्वेमार्गावर पुढं सांगलीकडं किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकला शिकायला, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथं कळलं. मग यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले, व्हीजेटीआयमध्ये ती शिकवलीही, मग ते सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात. बरेच दिवस ते नुसते पडून होते. 1910 साली औंध संस्थानात माळरान मिळालं, तिथं वाडी उभी राहिली. आता सांगा, या माणसाची शाखा कुठली लिहायची? प्रवेश अर्जावर खाली येणाऱ्या यादीतून एकच निवडायची असते.

पुढं त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत एक तगडा गडी गावोगाव हिंडला. त्याला मॅट्रिकही होता आलं नव्हतं. नांगर विकता विकता त्याला दिसलं की गावोगावची पोरं शाळेवाचून पडलीत, आणि 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यानं रयत शिक्षण संस्था काढली. कर्मवीर भाऊराव पाटील. अण्णा. 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं अण्णांच्या शाळेतून बाहेर पडलेली आहेत, मीही. बायको शिक्षणाचा खर्च काढते तेव्हा मी अण्णांचा दाखला देतो. ती म्हणते, "अण्णांनी कमवा आधी म्हटलंय."

तर परीक्षा. ऑनलाइन म्हणजे घरी बसून पुस्तक उघडून उत्तरं लिहायची, असा गावाचा समज आहे, आणि त्यात काहींना माझ्याबद्दल आदरही वाटत होता. तसं नसतं. शिकणं घरी, परीक्षा केंद्रावर, रविवारी, फोटो आणि ओळखपत्र घेऊन. माझं केंद्र पुण्यात आलं. नेमक्या त्याच रविवारी थोरल्याच्या क्लासची सराव परीक्षा रद्द झाली आणि तो म्हणाला, मी येतो सोबत. मला वाटलं बापाची काळजी. नंतर कळलं, त्याला बघायचं होतं.

पहाटे निघालो. साताऱ्याहून स्वारगेट विनाथांबा. खंबाटकीपर्यंत मी सूत्रं म्हणत होतो, पुढं विसरत गेलो, शिरवळला पाटी कोरी. पोरानं मला खिडकीशी बसवलं होतं आणि दर दहा मिनिटांनी पाणी देत होतं. निघताना आईनं हातावर दही-साखर दिली होती. थोरल्याच्या दहावीला मी जे जे केलं होतं, ते ते सगळं माझ्यावर उलटत होतं. "पप्पा, येत नसेल ते सोडून पुढं जायचं. एकाच प्रश्नावर अडकायचं नाही." हे वाक्य माझं होतं.

केंद्राच्या दारात वॉचमन उभा. पोराकडं बघून त्यानं अदबीनं वाट दिली आणि माझ्यापुढं काठी आडवी धरली.

"पालकांनी बाहेर थांबायचं."

"मीच आहे."

"सगळेच म्हणतात काका. झाडाखाली बसा, पाण्याची सोय आहे."

मी प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत पोराला बघितलं. त्याच्या डोक्यात काय गणित झालं कोण जाणे, पण त्यानं काठी बाजूला घेतली आणि पोरापुढं धरली. "मग हे बाहेर थांबतील." त्याच्या आवाजात पालकाला देतात तो मान होता.

आत माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची पोरगी होती. मी बसल्यावर ती उठून उभी राहिली. तिला वाटलं पर्यवेक्षक आले. मी बसा म्हणालो. ती बसली. तेवढ्यानं मला जरा धीर आला.

पेपर संपवून बाहेर आलो तर पोरगं झाडाखालच्या कट्ट्यावर, चार-पाच पालकांच्या मधोमध. एक बाई थर्मासमधला चहा त्याला ओतून देत होत्या. त्यांचा मुलगा आत होता, शेजारच्या गृहस्थांची मुलगी. त्यांनी विचारलं असणार, तुझं कोण आहे आत, कारण मला बघून पोरानं नुसतं बोट केलं आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडं वळल्या. बाईंनी उरलेला चहा टोपणात काढून मला दिला.

पोरानं माझ्या हातातली पिशवी घेतली. स्टँडच्या रिक्षापर्यंत काही बोललं नाही. मग रस्त्याकडंच बघत विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला."

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. दोन वर्षं रोज रात्री जेवताना मी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होतो, त्याच.